कुंकवाची फळी

माझे वडील वारलेले नाहीत. म्हणजे तसं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. दोन वर्षांमागं चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून ते बावड्याच्या स्टँडवर बारामतीच्या एसटीत बसले, ते अजून उतरायचेत. मी ही गोष्ट अशीच सांगते. ऐकणारा दचकतो आणि त्याचं "अरेरे" घशातच राहतं. तेवढंच मला बरं वाटतं.

आबांना तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. आधी रानातल्या पाण्याची पाळी विसरले, मग नातवाचं नाव, मग एकदा आमच्याच वस्तीची वाट. पाय मात्र ठणठणीत. पोरवयात त्यांनी बापाच्या मेंढरांमागं दर दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचं, असं कितीतरी वर्षं केलेलं. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, आम्ही शिकलो, मी चित्रकलेची शिक्षिका होऊन बारामतीत राहायला लागले. पण पायांना हे कुणी सांगितलं नसावं. आईचं म्हणणं असं, की ते त्या जुन्या वाटेनं गेलेत. भेटले असतील कुणी मेंढरंवाले, राहिले असतील त्यांच्यात, राखत असतील मेंढरं. "नाव-गाव इसरलं असतील," ती म्हणते, "पर वाट न्हाय इसरायचे. दमलं की येतील."

आणि ते येणार, म्हणून आई कुंकू लावायची. माझ्याकडं राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत चार कपडे, मेणाची डबी आणि पिंजरीची डबी, एवढंच सामान होतं. अंघोळ झाली की बोटानं कपाळावर मेणाचा गोल टेकवायचा, त्यावर पिंजर दाबायची, नाकावर सांडलेली पदराच्या टोकानं पुसायची. आरसा लागत नाही तिला. घरात आम्ही सगळ्या टिकलीवाल्या. तिच्या कपाळाकडं बघून माझी मुलगी म्हणायची, "आजी, तुझं कुंकू रस्त्याच्या पलीकडून दिसतं." आई म्हणायची, "दिसूनच द्यायचं आस्तं ते."

दादाचं म्हणणं वेगळं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बावड्याला शेती बघतो. नीरेच्या पात्रात, कालव्यात, उजनीच्या पाण्यात कुणी अनोळखी म्हातारा सापडला, की पोलिसांचा फोन त्याला येतो. तो जातो, बघतो, नाही म्हणतो, परत येतो. एकदा त्यानं मला सोबत नेलं. इंदापुरात, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. ते आबा नव्हते. परत येताना दादानं वाटेत गाडी थांबवली, उतरला, बांधावर जाऊन ओकला आणि तोंड धुऊन आल्यावर मला म्हणाला, "आपण उरकून घिऊ. दर्भाचा पुतळा करून अग्नी देत्यात, चालतंय तसं. दहावं-तेरावं करू. मला जरा झोप तरी लागंल."

उरकून घ्यायचं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. दहाव्याला नदीवर चार बायका आईला घेऊन बसणार, तिचं कपाळ पुसणार, बांगड्या फोडणार. मी तिथंच त्याच्यावर ओरडले. म्हटलं, "तिच्या कपाळाला कुणी हात लावून तर बघा, माझ्याशी गाठ आहे." भांडायला मी कायम पुढं. पण खरं सांगायचं, तर त्या मागच्या खोलीतून बाहेर पडतानाच माझ्या मनानं आबांना सोडून दिलं होतं. हे मी दादाला बोलले नाही. आईला तर मुळीच नाही.

अशा दिवसांत माझ्या नवऱ्यानं मला त्या कार्यशाळेत घातलं. "रविवारी घरी असलीस की सगळ्यांना झोडपत बसतेस," तो म्हणाला, "त्यापेक्षा जा, लाकूड तास."

भिगवण रस्त्याला एका महिला मंडळाचा हॉल आहे. तिथं उन्हाळ्यातल्या दर रविवारी जपानी पद्धतीची लाकडी ठशांची छपाई शिकवणार होते. शिकवायला पुण्याच्या एक ताई. त्या जपानात राहून हे काम शिकून आलेल्या. बोलणं एकदम हळू आणि हात पोलादाचे. शिकणाऱ्यांत आम्ही काही चित्रकलेचे शिक्षक, पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त साहेब आणि माझ्या शेजारच्या टेबलावर एक डॉक्टरीणबाई, दातांच्या. पहिल्या दिवशी ताईंनी सगळ्यांच्या हातात छिन्नी दिली आणि आम्ही घाम पुसत बसलो, तर डॉक्टरीणबाईंनी लाकडाचा कपचा असा अलगद उचलला, की लाकडालासुद्धा दुखलं नसेल. मी म्हटलं, "भूल दिली होती का?" तेव्हापासून आमचं जमलं. त्या मंडळाच्याच सभासद होत्या, त्यामुळं हॉलच्या किल्ल्या, पाण्याचे जार, कूलर सगळं त्यांच्याकडं.

जपानी कागदाला वाशी म्हणतात. "वाशी म्हणजे सानपाड्याच्या पुढं ना?" असं मी मोठ्यानं विचारलं. कुणी हसलं नाही. रंगात तांदळाची खळ मिसळतात, ती करायला आम्हाला शिकवावं लागलं नाही. पण बाकी सगळं अंगावर आलं. कागद आधी ओलसर करून ठेवायचा, फळीवर ब्रशनं रंग लावायचा, त्यावर कागद टाकायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या गादीनं पाठीवरून घासायचं. त्या गादीला बारेन म्हणतात. आम्ही अर्ध्या तासात तिचं नाव घासणी करून टाकलं. ताई म्हणाल्या, जपानात हवेतच इतकी ओल असते, की कागद दिवसभर नरम राहतो. आमच्याकडं एप्रिल उजाडलेला. कागद काढून फळीपर्यंत न्यायचा, तोवर त्याचा पापड. मग आम्ही टेबलांखाली ओली पोती टाकली, खिडक्यांना ओली पोती लावली. सगळ्या हॉलला बाजार समितीचा वास यायला लागला.

ह्या पद्धतीची एक रीत आहे, ती इथं सांगायलाच हवी. चित्र एकदम छापत नाहीत. आधी नुसत्या रेघांची फळी कोरायची आणि ती काळ्या शाईनं छापायची. मग त्या काळ्या ठशांच्या प्रती घ्यायच्या, एकीवर हिरव्याची जागा खुणेनं दाखवायची, दुसरीवर लालची. ती प्रत नव्या फळीवर उलटी चिकटवायची, तेवढीच जागा शिल्लक ठेवायची, बाकीचं लाकूड काढून टाकायचं. जितके रंग तितक्या फळ्या. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक खाच असते. कागद त्या खाचेत नीट टेकला, तर रंग आपल्या जागी पडतो. ताईंनी हे तीनदा सांगितलं. "आधी रेघ. रंग मागून. घाई करायची नाही."

कुणी घाट घेतला, कुणी मोर. पाटबंधारेच्या साहेबांनी अर्थातच कालवा घेतला, मोजूनमापून. मी आई घेतली. दारात बसून मेथी निवडणारी, डोक्यावर पदर, मान जरा वाकडी. काळ्या रेघा, हिरवं लुगडं आणि लाल कुंकू. तीन फळ्या. मला वाटलं, सोपं आहे.

सोपं कसलं! चेहरा कोरणं म्हणजे जीव टांगणीला. रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवायची आणि मधली केसाएवढी भिंत ठेवायची. डोळ्याखालची सुरकुती दोनदा तुटता तुटता वाचली. हनुवटीवरच्या गोंदणाचे ठिपके कोरताना मी श्वास रोखून बसायची. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आई तुमच्याकडेच असतात का?" मी त्यांना एसटीची गोष्ट नेहमीसारखी सांगितली. त्या "अरेरे" म्हणाल्या नाहीत. आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ मोडून माझ्या डब्यात ठेवलं.

काळी फळी पुरी झाली त्या रविवारी मी हवेत होते. पहिला ठसा उचलला आणि आई आली. खरोखर आली. तिची ती मान, तो पदर, मेथीच्या काडीवर टेकलेला अंगठा. ताई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्या म्हणाल्या, "ओळ जिवंत आहे." साहेबांनीसुद्धा कालवा सोडून येऊन बघितलं. डॉक्टरीणबाई मात्र ठसा हातात धरून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यातलं लाल आजच नाही का करता येणार?"

"आज कसं? फळी कुठं कोरलीये अजून?" मी म्हटलं.

"हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि ठसा मला परत दिला.

त्यांना काय म्हणायचं होतं, ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला रेघा दिसत होत्या. रेघा चांगल्या आल्या होत्या.

रंगाच्या खुणा घरी निवांत करू, म्हणून मी तीन काळ्या प्रती घरी आणल्या. वाळायला दिवाणावर वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवल्या आणि भाजी आणायला मंडईत गेले. परत आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. वर्तमानपत्रं होती तशीच होती. ती जेवली नाही. ऊन लागलंय म्हणाली. मी तिला कांद्याचा रस दिला, तो तिनं मुकाट्यानं तळपायाला लावला आणि झोपली.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्यापाशी पाठमोरी, चहा ढवळत होती. "उठलीस का," म्हणत वळली. तिच्या कपाळावर काही नव्हतं.

मी आईचं कपाळ मोकळं कधी पाहिलंच नव्हतं. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही, आबा गेल्यावर नाही. कुंकवाच्या जागी कातडी जरा उजळ होती, गोल.

"आई, कुंकू?"

"कधी आला फोन?" ती म्हणाली.

"कुणाचा फोन?"

"पोलिसांचा. दादाला बी ठावं हाय का? का दोघांनी मिळून ठरिवलं, म्हातारीला सांगायचं न्हाय म्हणून?"

मला काही कळेना. ती म्हणाली, "मी बघितलं ते कागद. तू काढलंयस मला. डोळ्याखालची सुरकुती सोडली न्हाईस. हनुवटीचं गोंदण सोडलं न्हाईस. मेथीच्या काडीला पान किती ते बी सोडलं न्हाईस. आन कुंकू तेवढं इसरलीस व्हय?"

आणि मग मी ओरडायला लागले. भीती वाटली की मी ओरडते, हा माझा जुना रोग आहे. "अगं बाई, तो ठसा आहे! नुसता काळ्याचा ठसा! लाल अजून छापायचंय! लालची फळी वेगळी असते!"

"तोंड आधी आन कुंकू मागनं? असली कुठली रीत?"

"आहे रीत!"

"कुठली?"

"जपानची!"

माझा नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन दारात आला, आमच्याकडं बघितलं आणि मुकाट परत गेला. मी आत जाऊन ते तिन्ही कागद आणले, तिच्यापुढं पसरले, बोट ठेवून दाखवलं. हे हिरव्याला, हे लालला, इथं कुंकू येणार, एवढ्यासाठी आख्खी वेगळी फळी कोरायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला.

"म्हंजी फोन न्हाय आला."

"नाही. तुझी शपथ."

"बरं. कागदाचं सोड मग. तुला काय वाटतंय ते सांग. हायत का ते?"

काय हरकत होती "आहेत" म्हणायला? तीन अक्षरं बोलायची, चहा प्यायचा, शाळेला जायचं. दिवसातून छप्पन्न वेळा आपण कुणाकुणाला बरं वाटेल असं बोलतो. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिचं ते कपाळ माझ्यापुढं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही वाटत, आई."

बाहेर दूधवाला गेट वाजवत होता. कुणी उठलं नाही.

"दादाला वाटत न्हाय, हे मला ठावं हाय," आई म्हणाली. "भावकीला तर पयल्या महिन्यापास्नं वाटत न्हाय. तुझ्या जिवावर लावत हुते मी. म्हटलं, आमी दोघी हाव. आता एकलीनं लावायचं म्हंजी..." तिनं गाळणं धुऊन ठेवलं. मग म्हणाली, "आन तुला वाटत न्हाय, तर मग चितरात लाल कशाला करतीस?"

मला राग आला, तो तिचा आला, आबांचा आला, चष्म्याच्या काडीचा आला. मी चहा न पिताच शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गाला विनाकारण फैलावर घेतलं.

आईनं त्या दिवशी कुंकू लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाकी सगळं नेहमीसारखं. भाकरी थापायची, टीव्हीपुढं बसायची, नातीच्या वेण्या घालायची. माझ्याशी बोलणं बंद नव्हतं, हेच वाईट. बोलणं बंद असतं तर मी भांडले असते. मी लाख वेळा म्हटलं, "आई, लाव ना गं. माझ्या वाटण्याला काय विचारतेस? मला काय कळतं?" ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे." डब्या देवघराच्या फळीवर होत्या, त्यांना तिनं हात लावला नाही.

मी दादाला फोन करून सांगितलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल, त्याच्या मनासारखं झालं, आता पुढचं उरकून घेईल. तो तशाच मळक्या कपड्यांत मोटारसायकल हाणत आला. आईनं दार उघडलं. दादानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि चप्पल न काढताच मागं फिरला, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेले. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"तिला लावायला सांग की," तो म्हणाला.

"वा रे वा! तूच म्हणत होतास ना उरकून घेऊ म्हणून?"

"म्हणत हुतो. म्हणणं निराळं." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "मला वाटलं न्हवतं, आसं दिसंल."

दर्भाच्या पुतळ्याचं नाव त्यानं परत काढलं नाही. चहा घेतल्याशिवाय गेला. त्याला जाताना आई गॅलरीतून बघत होती.

मी कार्यशाळा सोडणार होते. नवरा म्हणाला, "अर्धवट सोडलंस तर ते चित्र तसंच राहील, कपाळ मोकळं." त्याला फार बोलता येत नाही, पण बोलतो ते झोंबतं. गेले.

लालची फळी. काळ्याची एक प्रत तिच्यावर उलटी चिकटवली, कपाळाच्या मध्यावर सुरी फिरवून छोटासा गोल कापला आणि मग बाकी सगळं लाकूड काढायला लागले. आख्ख्या फळीवर चिंचोक्याएवढा एक उंचवटा ठेवायचा आणि उरलेलं सगळं तासून टाकायचं. मनगट भरून आलं. तासताना डोक्यात एकच, लाल कशाला करतीस, लाल कशाला करतीस. एकदा छिन्नी निसटून अंगठ्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन पट्टी बांधली, मला ओरडल्या, "रागानं लाकूड कापतात का कुणी?" मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. मोकळ्या कपाळाचं, फोनचं, मी काय बोलून बसले त्याचं. त्या पट्टी बांधत राहिल्या. म्हणाल्या, "त्या दिवशीच मला वाटलं होतं, लाल आधी करा म्हणावं. पण कसं बोलणार?"

छापायला घेतलं तर आणखी तऱ्हा. हिरवं नीट पडलं, लुगडं झकास. लाल काही जागेवर पडेना. पहिल्या कागदावर कुंकू भुवईवर गेलं. दुसऱ्यावर पदराच्या काठाला. तिसऱ्यावर नाकाच्या शेंड्यावर. साहेबांना हसू आवरेना आणि मलाही आवरेना, हसता हसता मी रडायलाच लागले, सगळ्यांसमोर. घासणी टेबलावर आपटली. ताई आल्या, त्यांनी कागदाची कड बोटांत धरली, फळीवरच्या खाचेत टेकवून बघितली. म्हणाल्या, "खाच बरोबर आहे. कागद आटलाय. काळं-हिरवं छापलं तेव्हा तो ओला होता, आता वाळून आखडलाय. मग कपाळ होतं तिथं राहील कसं?" त्यांनी उरलेल्या प्रती पोत्याखाली ठेवायला लावल्या, ओलीत मुरू दिल्या. मग स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मी कागद खाचेत टेकवला, सोडला, घासलं, उचलला. कुंकू कपाळाच्या मध्यावर होतं, रस्त्याच्या पलीकडून दिसेल असं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मुळीच आनंद झाला नाही. ज्याला उत्तर द्यायचं होतं, तो प्रश्न तसाच होता.

शेवटच्या रविवारी हॉलमध्येच प्रदर्शन ठेवलं. अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आलेली, मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू राहूनच गेलं होतं, तेही त्याच दिवशी उरकायचं ठरलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मी आईला हे सांगितलंच नव्हतं. पण तीच म्हणाली, "मी येणार. काय केलंस माझं, ते बघू दे."

"तिथं हळदीकुंकू आहे, आई."

"आसू दे की. मी काय मागायला येतीय व्हय?"

ती आली. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. तिला हात धरून जिना चढवला. आत शिरल्यावर ती कालवा, मोर, घाट सगळं ओलांडून सरळ स्वतःपुढं जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं. "नाक बरं आलंय," म्हणाली. कुंकवाचं काही बोलली नाही. बघायला आलेल्या बायका चित्रापाशी यायच्या, "अय्या, ह्याच का त्या?" म्हणायच्या, चित्राकडं बघायच्या, मग तिच्याकडं, मग परत चित्राकडं, आणि एकदम पन्ह्याची चौकशी करत पुढं सरकायच्या. मला एकेकीच्या मानगुटीवर बसावंसं वाटत होतं. आई मात्र भिंतीकडेच्या खुर्चीत बसून हरभरे खात होती, शांतपणे, एकेक.

तबक डॉक्टरीणबाईंच्या हातात होतं. रांगेनं एकेकीला हळद लावायच्या, कुंकू लावायच्या, हातावर हरभरे ठेवायच्या. मी आईच्या शेजारी उभी होते. अलीकडच्या बाईला लावून झालं आणि त्या आईपुढं आल्या. त्यांच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं आणि बोट तसंच हवेत राहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, म्हणूनच राहिलं. माहीत नसतं तर एकतर त्या पुढं गेल्या असत्या, नाहीतर लावून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, लावू का?"

आईनं हरभरे ओच्यात ठेवले.

"मला नका इचारू," ती म्हणाली. "माझ्या लेकीला इचारा."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. ताई बघत होत्या, साहेब बघत होते, पन्ह्याचे ग्लास हातात धरून सगळ्या बायका बघत होत्या. आणि आई बघत होती, त्या दिवशी ओट्यापाशी बघत होती तशीच.

"लावा," मी म्हटलं. "येणार आहेत आबा. येतील ते."

आईनं माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. लहानपणी पाटी फुटली की मी तिला "मी नाही फोडली" म्हणायचे, तेव्हा ती असं बघायची. मी खोटं बोलतेय, हे तिला कळलं. तिनं पदर जरा मागं सारला आणि कपाळ पुढं केलं.